नव्या वर्षात काय टिपायचं: माझ्या तयारीची यादी

नव्या वर्षाची यादी करायला बसण्याआधी सरत्या वर्षाचे फोटो एका बैठकीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत बघून घ्या. चांगले निवडायला नाही, आपण वर्षभर काय करत राहिलो ते कळायला. मी गेल्या रविवारी तेच केलं. खंड्याचे फोटो भरपूर, पण एकजात तारेवर बसलेले. चक्रवाकाचा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून घेतलेला एकही नाही, सगळे पुलावरून खाली बघत काढलेले. लांडग्याच्या फोटोत लांडगा आहे, माळ कुठेच नाही. यंदाची ध्येयं मला तिथेच सापडली: पक्षी किंवा प्राणी जिथे आणि जसा जगतो, ते फोटोत आलं पाहिजे. ‘यंदा दोनशे जाती’ असा आकडा मी आता लिहीत नाही. आकड्याच्या मागे लागलं की पक्षी दिसला, क्लिक केलं, चला पुढे, असंच होतं. तो काय करत होता हे संध्याकाळपर्यंत आठवतसुद्धा नाही. आकडा हवाच असेल तर फेऱ्यांचा धरा.

म्हणून यादीत पहिली येते घराजवळची एक जागा, महिन्यातून दोनदा, वर्षाच्या चोवीस फेऱ्या. माझी जागा कवडी, लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेच्या काठावर. पुण्याचं सगळं सांडपाणी घेऊन नदी तिथे पोचते. हिवाळ्यातल्या सकाळी बंधाऱ्याखाली पांढरा फेस साचलेला असतो. त्या फेसातून शेकाट्या आपले लांब गुलाबी पाय एकेक उचलत चालतो. चोच पाण्यात घातली की फेसाचा गोळा तिला चिकटून वर येतो, तो मान झटकून काढतो आणि पुन्हा टिपायला लागतो. मागे झुडपांना अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. इतकी वर्षं मी पिशव्या दिसणार नाहीत असा कोन शोधत काठावरून फिरायचो. यंदा फेस आणि पिशव्या यांच्यासकट बारा फोटो करायचे आहेत, महिन्याला एक. काठावर आडवं पडायला खताचं रिकामं पोतं गाडीत टाकून ठेवलंय. कॅमेऱ्याची पातळी खाली आली की फोटो किती बदलतो ते पहिल्याच सकाळी कळतं.

मग कॅलेंडर काढा आणि रजा टाकायच्या आधी ऋतू लिहा. पाहुणे पक्षी आता इथेच आहेत, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी पाण्याला आणि माळाला द्या. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणला, रोहित म्हणजे फ्लेमिंगो आणि पट्टकादंब हंस बघायला नावेतूनच जावं लागतं. नावेत चढण्याआधी, पैशाचं बोलतानाच सांगून टाकायचं, “दादा, थवा उठवायचा नाही. लांब थांबलो तरी चालेल.” हे आधी सांगितलं नाही तर बरेच नाववाले आपल्याला उडते फोटो मिळावेत म्हणून आपुलकीनेच नाव थव्यात घालतात. लांबून आलेल्या, चरत असलेल्या पक्ष्याला आपल्या एका फ्रेमसाठी उठवणं मला पटत नाही. उडत्या पक्ष्याच्या फोटोचा सराव करायचाच असेल तर गच्चीवरून घारींवर करा, रोज, दहा मिनिटं. शटर १/२००० सेकंदाहून जलद, फोकस सतत चालू, आणि घार वळण घेते तेव्हा लेन्स हातात कशी वळते ते अंगवळणी पडू द्या. यंदा एकच कौशल्य शिकायचं ठरवा. माझं हेच आहे.

माळाकडे मात्र आपल्या लोकांचं लक्ष कमी. सासवड, सुपे, इंदापूर-बारामती या पट्ट्यातल्या गवताळ माळांवर लांडगा, खोकड, चिंकारा, हिवाळ्यात भोवत्ये हे शिकारी पक्षी, आणि धाविक, चंडोल हे जमिनीवरचे पक्षी तर पायाशी. सरकारी दप्तरात यातली बरीच जमीन पडीक म्हणून लागते आणि तिचं काहीही करायला आपण मोकळे होतो. माळाचा फोटो काढताना लेन्स आखूड लावा, २०० मिलिमीटरही पुष्कळ झालं. लांडगा फ्रेममध्ये बोटाएवढा राहू दे. गवत, मेंढरांचा वाडा, मागचा डोंगर सगळं येऊ दे. अशा दहा फ्रेम जमल्या तर मी वर्ष सत्कारणी लागलं म्हणेन. गाडी रुळलेली वाट सोडून गवतात घालायची नाही, टिटवीची आणि धाविकाची अंडी उघड्या जमिनीवरच असतात.

उन्हाळ्यात पाणवठे. वाघासाठी ताडोबाला जायचं असेल तर बुकिंग आत्ता करा, मंगळवारी तिथे सुट्टी असते आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद राहतं. वाघाबद्दल एवढंच. वैशाखी पौर्णिमेला वनखातं मचाणावरून पाणवठ्याची रात्र अनुभवायला देतं, त्याचा अर्ज भरायचं लक्षात ठेवा. तिथे कॅमेऱ्याला फारसं काम नसतं, तरी एकदा जाच.

पावसाळ्यात सगळे कोकणात तिबोटी खंड्याच्या मागे धावतात. मी जाणार नाही. त्याच्या घरट्याच्या बिळासमोर दहा-दहा जण तोफेएवढ्या लेन्स लावून बसलेले आणि चोचीत पाल धरलेली मादी फांदीवर खोळंबलेली, हे एकदा पाहिलं, पुरे झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्याची अंडी किंवा घरटं विचलित करणंही येतं. हे वाक्य प्रत्येकाने आपल्या यादीच्या माथ्यावर लिहावं. त्याखाली आणखी दोन: रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही, आणि घुबडाची जागा कुणालाही सांगायची नाही.

त्याऐवजी माझा पावसाळा सुगरणींचा. एका शेतातल्या विहिरीवर वाकलेल्या बाभळीला दरवर्षी खोपे लागतात. नर गवताच्या पात्याला कडेला चोचीने चीर पाडतो, पातं धरून उडतो आणि लांबलचक हिरवी दोरी सोलून निघते. खोपा अर्धा, उलट्या टोपीएवढा झाला की थांबतो, पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, धागे ओढून बघते. पसंत पडला तरच पुढचं बोगद्यासारखं दार विणलं जातं. नाही पडला तर तो अर्धाच लटकत राहतो. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला एक सकाळ, एकच वसाहत, शेवटी पंधरा फोटोंची गोष्ट. हीही घरटीच की, असं कुणी म्हणेल, आणि प्रश्न रास्त आहे. मी विहिरीच्या पलीकडून, आडोशाला बसून काढतो, आत काय आहे ते बघायला जात नाही, आणि नराचं गवत आणणं थांबलं की मी जास्त जवळ आलोय असं समजून मागे सरतो.

सामानाचं थोडक्यात. जुन्या जीन्सचा पाय शिवून केलेली पिशवी रिकामी न्यायची, मुक्कामाला किलो-दोन किलो तांदूळ घेऊन भरायची. गाडीच्या खिडकीवर लेन्सला यापेक्षा चांगला टेकू नाही. पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, नाहीतर बुरशी धरते. भाड्याची लेन्स दुकानातच आपल्या कॅमेऱ्याला लावून तपासा. दोन वर्षांपूर्वी मी न तपासता आणली आणि भर पाण्यात नावेत बसल्यावर कळलं की ती फोकसच धरत नाही. ती सकाळ मी दुर्बिणीवर काढली. फोटो दोन डिस्कवर ठेवा, दुसरी डिस्क दुसऱ्याच्या घरी. आणि प्रत्येक फेरीची नोंद, जाती आणि संख्या, त्याच दिवशी ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर. नोव्हेंबरच्या ५ ते १२ तारखेला पक्षी सप्ताह असतो. तेव्हा गावच्या शाळेत लावायला कवडीचे तोवर झालेले फोटो छापून तयार हवेत, म्हणून छपाईचे पैसे आत्ताच बाजूला काढलेत.

एक काम जानेवारीतच उरकायचंय. विहीर ज्यांची आहे त्या काकांना भेटायचं. गेल्या पावसाळ्यातल्या खोप्यांचा एक फोटो त्यांच्यासाठी छापून घेतलाय. तो द्यायचा, चहा घ्यायचा, आणि सांगायचं की काका, उन्हाळ्यात जळणासाठी बाभूळ छाटाल तेव्हा विहिरीवरची ती एक फांदी तेवढी ठेवा.