खाडीकाठच्या कामात नवे आहात? आधी करारातला तो रकाना बघा

संवर्धनात काम शोधत ऐरोली-वाशीकडे येणाऱ्या मुलामुलींना पक्षी ओळखता येतात, बहुतेकांची एम.एस्सी. झालेली असते, कॅमेराही बरा असतो. करारपत्र मात्र वाचता येत नाही. मलाही येत नव्हतं, आणि ते कुठल्याच वर्गात शिकवलं नव्हतं.

ठाणे खाडीत एकट्याने काहीच होत नाही. कांदळवनाची, म्हणजे तिवरांच्या जंगलाची, राखण वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे, अभ्यास बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) सारख्या संस्थांकडे, पैसा कंपन्यांच्या सीएसआरचा (कायद्याने सामाजिक कामासाठी काढायच्या निधीचा), आणि खाडी खरी कळते ती आगरी-कोळी गावांना. तुमची छोटी संस्था या चौघांच्या मधे. तुम्हाला पगार मिळतो तो मधे उभं राहण्याचा, पक्षी बघण्याचा नव्हे. हे पचलं की निम्मा त्रास संपतो.

या चौघांचं एकत्र जमतं मात्र. राज्याने 2012 मध्ये कांदळवन कक्ष काढला, 2015 मध्ये इथे फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. त्याच वर्षी बीएनएचएसने खाडीतल्या सहा फ्लेमिंगोंना उपग्रह टॅग लावले आणि त्यांच्या गुजरातपर्यंतच्या वाटा नकाशावर उमटल्या. असं काम वनविभागाच्या परवानगीशिवाय सुरूच होत नाही आणि शास्त्रज्ञांशिवाय पुरं होत नाही. येऊरच्या बाजूला संजय गांधी उद्यानात 2011 पासून बिबट्यांवर असंच एकत्र काम झालं: वनखातं, संशोधक, नागरिक, पत्रकार. बिबट्या दिसला म्हणून लगेच पिंजरा लावायचा नसतो, हे सोसायट्यांना पटवणं हा त्यातला मोठा भाग होता.

आता सापळा. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे.

सीएसआरच्या प्रस्तावात, आणि मग करारातही, एक रकाना असतो: ‘लावलेली रोपे (संख्या)’. माझा पहिला प्रस्ताव तिथेच अडकला. कंपनीच्या माणसाचं काही चुकत नव्हतं, त्याला बोर्डापुढे आकडा ठेवायचा होता. पण खाडीत रोपं लावायची कुठे? जिथे तिवरं वाढू शकतात तिथे बहुतेक ठिकाणी ती आहेतच. रिकामी दिसते ती ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची पट्टी. ऐरोलीच्या पुलावरून ती ओसाड वाटते, पण फ्लेमिंगोचं वाढलेलं ताट तेच. चिखलावरच्या पातळ थरातलं शेवाळ आणि डायटम (सूक्ष्म शैवाल) गाळून तो खातो. त्याला लांबवर नजर जाईल अशी मोकळी, उथळ जागा लागते. तिथे तिवर दाट झाला की तो उतरत नाही, तुतवार-टिलव्यांसारखे चिखलात चरणारे पक्षीही उतरत नाहीत. शिवाय पट्टी फार खोल असेल तर रोपं पाण्याखाली जास्त वेळ राहून मरतात. म्हणजे एकतर पैसा बुडतो, नाहीतर अधिवास. आणि दोन्ही वेळा रकाना मात्र भरतो!

खरं नुकसान बहुतेकदा पाण्याच्या वाटेवर झालेलं असतं. कुणी बांध घातला, डेब्रिज टाकलं, एखादा नाला बुजला, की भरतीचं पाणी आत जायचं थांबतं आणि मागची तिवरं सुकतात. तो नाला मोकळा केला की बिया पाण्याबरोबर वाहत येतात, चिखलात रुजतात. तिवराला माळी लागत नाही. पण या कामाचा रकान्यातला आकडा शून्य. ज्या कामाने खाडी सुधारते त्याला शून्य आणि ज्याने बिघडते त्याला दहा हजार, असा तो कागद असतो.

सुटका रकाना बदलण्यात आहे, आणि तीही सहीआधीच. मोकळ्या झालेल्या नाल्याची लांबी, भरती पोहोचणारं क्षेत्र, आपोआप उगवलेली रोपं दर चौरस मीटरला किती, ओहोटीला चरणारे पक्षी किती. हेही आकडेच, बोर्डाला चालतात. फक्त सुरुवातीची मोजणी काम सुरू व्हायच्या आधी करून ठेवा, नाहीतर नंतर फरक दाखवणार कशाच्या तुलनेत?

मुदतीचंही तसंच. मार्चमध्ये पैसे संपवायची घाई झालेल्या कंपनीकडून एका वर्षाचं काम घेऊ नका. सीएसआरच्या नियमांत ‘ऑनगोइंग प्रोजेक्ट’ अशी सोय आहे: सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत. ती मागून घ्या. आणि विचारा, बिचकू नका, की ही लागवड कुठल्या प्रकल्पाच्या परवानगीतली अट तर नाही ना. कायद्याने करायचंच असलेलं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. लोगोचा चौथरा, निरीक्षण मनोरा असलं काही मागितलं तर उच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल पुढे ठेवा. कांदळवनात आणि भोवतीच्या 50 मीटरमध्ये बांधकाम चालत नाही. या निकालाने माझे कित्येक वाद वाचवलेत.

शॉर्टकटबद्दल माझं मत फार कुणाला आवडत नाही. रविवारची किनारा सफाई हा अनुभव नव्हे, सहल आहे. टी-शर्ट मिळतो, ओळखी होतात, तेवढंच. मोठ्या नावाच्या सरांमागे फोटोत उभं राहूनही काही शिकता येत नाही. खरे गुरू दोन: बीटवरचा वनरक्षक आणि होडीवाला दादा. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची छोटी कधी, कुठल्या नाल्यात निवटी (चिखलावर उड्या मारणारा मासा) पुन्हा दिसायला लागली, हे दादा सांगतो, आणि तुमच्या अहवालाच्या महिनाभर आधी सांगतो. त्याचा दिवस बुडतो, म्हणून त्याची मजुरी बजेटमध्ये लिहा. ‘स्थानिकांचा सहभाग’ म्हणून त्याला फुकट राबवणारे प्रस्ताव मी पाहिलेत, आणि अशा ठिकाणी पुढच्या वर्षी कुणी होडी काढत नाही.

सुरुवातीला बैठकीत तुमचं कुणी ऐकणार नाही. वनखात्याचे साहेब बदलतील, पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल. घरचे विचारतील, चिखल तुडवायला एम.एस्सी. केलीस का? मला आजही विचारतात. तरी काम टिकतं, कारण फाईल वाचणारा आणि खाडीत उतरणारा एकच माणूस असला की चारही बाजूंना तो हवा असतो, आणि असे लोक इथे कमी आहेत.

रुजू होण्याआधी एकच विचारा: माझा पगार बजेटच्या कुठल्या ओळीत आहे आणि कधीपर्यंत? ‘बघू’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे अर्ज टाका.