टू-व्हील-ड्राइव्ह पिकअपसाठी माफक सस्पेन्शन लिफ्ट कशी निवडावी

पिकअप उंच करण्याचा विचार बहुधा कच्च्या रस्त्यावर बंपर एकदा घासल्यानंतर मनात येतो. खर्चाला हात घालण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सस्पेन्शन लिफ्टमुळे चासी आणि बॉडी वर जाते. मागचा अ‍ॅक्सल मात्र चाकांच्या मध्याशी बांधलेला असल्यामुळे मागच्या डिफरन्शियलखालची (म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधोमध असलेल्या, चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या फुगीर पेटीखालची) जागा एका मिलिमीटरनेही वाढत नाही. ती केवळ मोठ्या टायरने वाढते, आणि तीही व्यासातील फरकाच्या निम्मीच. २६५/७० आर १६ ऐवजी २६५/७५ आर १६ टायर बसवल्यास व्यास सुमारे २६ मिलिमीटरने वाढतो, पण डिफरन्शियलखाली जेमतेम १३ मिलिमीटर मिळतात. शिवाय रिकाम्या हौद्याची गाडी वाळूत रुतते ती बहुतेक वेळा मागच्या चाकांवर पुरेसे वजन नसल्यामुळे, आणि त्यावर उंची हा उपाय नाही. म्हणून दीड ते दोन इंचांपलीकडे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरणासाठी अमेरिकेतील २००५ ते २०१५ या काळातील दुसऱ्या पिढीची टोयोटा टॅकोमा घेऊ. तिच्या टू-व्हील-ड्राइव्ह गाड्यांत दोन निराळे प्रकार आहेत: पाच बोल्टांच्या चाकांची साधी, बसकी गाडी आणि सहा बोल्टांच्या चाकांची प्रीरनर, जी फोर-व्हील-ड्राइव्हइतकीच उंच असते. दोन्हींचे सुटे भाग सरसकट एकमेकांना चालत नाहीत, त्यामुळे किट मागवण्याआधी चाकाचे बोल्ट मोजावेत. प्रीरनरच्या मालकाने तर आपल्याला लिफ्टची खरोखर गरज आहे का, हेही स्वतःला विचारावे.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी येथेच सांगणे आवश्यक आहे की मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला आहे. अमेरिकेत उंचीचे नियम राज्यागणिक बदलतात. ते आधी पाहावेत.

पुढच्या बाजूला स्ट्रटवर, म्हणजे धक्के शोषणाऱ्या उभ्या शॉकवर, गुंडाळलेली कॉइल स्प्रिंग असते. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे स्ट्रटच्या माथ्यावर बसणारा स्पेसर. स्ट्रट खालच्या आर्मच्या (चाकाला चासीशी जोडणाऱ्या दांड्याच्या) साधारण मध्यावर जोडलेला असल्यामुळे एक इंचाचा स्पेसर चाकापाशी जवळपास दोन इंच उंची देतो. ‘दोन इंची’ किटमधला तुकडा हातात घेतल्यावर लहान दिसतो तो यामुळेच. स्पेसरने स्प्रिंग बदलत नाही, परंतु चाक खाली लोंबते तेव्हा आर्म आणि चाक जोडणाऱ्या बॉल जॉइंटचा कोन वाढतो आणि स्ट्रटची हालचाल मूळ मर्यादेबाहेर ढकलली जाते. स्ट्रट आधीच लाख-दीड लाख किलोमीटर चाललेले असतील, तर त्यांच्यावर स्पेसर चढवण्यात मला शहाणपण दिसत नाही. तेव्हा बिल्स्टीन ५१०० सारखे, स्प्रिंगची बैठक खाचांमध्ये वर-खाली करता येणारे शॉक घ्यावेत, किंवा पुढे जड बंपर अथवा विंच (गाडी ओढून काढणारी दोराची चरखी) असल्यास त्या वजनासाठी बनवलेल्या नव्या स्प्रिंगा घ्याव्यात. स्प्रिंग नेहमी वजनावरून निवडावी. केवळ उंचीसाठी कडक स्प्रिंग घेतली तर रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यात उसळते. टू-व्हील-ड्राइव्हचा एक मोठा फायदा येथे मिळतो: पुढे डिफरन्शियल आणि ड्राइव्ह शाफ्ट नसल्यामुळे त्यांच्या कोनांची चिंता उरत नाही.

मागे लीफ स्प्रिंग, म्हणजे पाटे असतात. २०१४ साली टोयोटाने २००५ ते २०११ च्या सुमारे ६ लाख ९० हजार टॅकोमा गाड्या पाट्यांना तडे जाण्याच्या शक्यतेमुळे परत बोलावल्या होत्या. त्यामुळे जुनी गाडी घेतली असेल तर ते काम झाले आहे का, हे प्रथम तपासावे. पाटे सुस्थितीत असतील आणि गाडी बहुधा रिकामी धावत असेल, तर पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये बसणारा एक इंचाचा ठोकळा पुरतो, मात्र ठोकळ्यावर ठोकळा कधीही रचू नये. नियमित ओझे असेल तर जादा पाटा बरा, आणि पाटे दबून सपाट झालेले असतील तर पूर्ण नवा संच घेणे शेवटी स्वस्त पडते. पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट प्रत्येक वेळी नवेच घ्यावेत. कारखान्यातून गाडीचे नाक थोडे खाली ठेवलेले असते ते हौद्यातील ओझ्यासाठी. म्हणून केवळ पुढची बाजू उचलून गाडी सपाट केली, तर भरल्यावर तिचे शेपूट जमिनीकडे झुकते.

काम सुरू होण्यापूर्वी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजल्यास टायरमधील हवेमुळे आकडा बदलतो. काम झाल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, त्याच दिवशी करून घ्यावे आणि छापील अहवालातील कॅस्टरचा (स्टीअरिंगचा अक्ष पुढे-मागे किती कलला आहे त्या कोनाचा) आकडा वाचावा. तो मर्यादेत बसत नसेल तर वरचे आर्म बदलावे लागतील, किंवा लिफ्ट अर्ध्या इंचाने कमी करावी लागेल. मी दुसरा पर्याय निवडेन. चाके पूर्ण वळवून ब्रेकचे पाइप ताणले जात नाहीत ना, हे पाहावे. थांबलेली गाडी सुटताना प्रॉपेलर शाफ्टची (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याची) थरथर जाणवली, तर मधल्या बेअरिंगची उंची तपासून घ्यावी. सुमारे ८०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट ठरलेल्या टॉर्कला पुन्हा आवळावेत आणि हौद्यात नेहमीचे ओझे ठेवून हेडलाइटचा झोत भिंतीवर पाहून खाली आणावा.