अभयारण्यातल्या कड्यांसाठी हरकती व सूचना कशा लिहाव्यात

निसर्गरक्षणासाठी केंद्र सरकार जिथे उपक्रमांवर बंधने घालते, त्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या प्रारूप अधिसूचनेत, म्हणजे मसुद्यात, 'प्रस्तरारोहण' हा शब्द बहुधा सापडतच नाही. खाणकाम, हॉटेले, ड्रोन, गरम हवेचे फुगे, डोंगरउतारांचे संरक्षण या सगळ्यांवर नोंदी असतात. सुळक्यावर दोर लावून चढणाऱ्याबद्दल काही नसते. त्यामुळे 'चढाईवर बंदी नको' एवढेच लिहून पाठवले, तर मसुद्यात बदलायला अधिकाऱ्याच्या हाती वाक्यच लागत नाही. कोणता कडा, कोणती नोंद आणि तिच्याजागी कोणते शब्द, हे तिन्ही हरकतीत हवे.

आधी कागद ओळखा. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालची प्रारूप अधिसूचना केंद्राच्या राजपत्रात हिंदी आणि इंग्रजीत येते. राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्या की ६० दिवसांची मुदत सुरू होते. हरकत नवी दिल्लीला, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या सचिवांकडे जाते. पत्ता आणि ईमेल अधिसूचनेतच दिलेला असतो. जिल्हाधिकारी किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी यांना दिलेले पत्र तिथून पुढे दिल्लीला जाईल, या भरवशावर राहू नका. पश्चिम घाटाचा पहिला मसुदा मार्च २०१४ मध्ये निघाला आणि सहावा ३१ जुलै २०२४ रोजी. नवा मसुदा निघाला की हरकतही नव्याने पाठवावी, जुनी आपोआप पुढे सरकेल असे धरू नये.

अभयारण्याच्या आत मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चालतो. त्याच्या कलम २८ मध्ये प्रवेश परवान्याची कारणे दिली आहेत: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि तिथे राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. चढाई बसवायची तर ती पर्यटनातच. कलम २९ अधिवासाच्या हानीविषयी आहे, आणि कातळात ड्रिल लावण्याचा प्रश्न वनखाते याच कलमातून पाहू शकते. रोजचे नियम ठरतात ते वनखात्याच्या, त्या अभयारण्यासाठीच्या व्यवस्थापन आराखड्यात. त्यासाठी राजपत्रातून सूचना मागवल्या जातील अशी वाट पाहू नका. माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून तीन गोष्टी मागा: चालू आराखड्याची प्रत, त्यातला पर्यटन क्षेत्राचा नकाशा आणि आराखड्याची मुदत संपण्याची तारीख. उत्तराची मुदत ३० दिवस. मुदत संपायला वर्षभर असतानाच उपवनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडे सूचना द्याव्यात, कारण मसुदा तयार झाल्यावर त्यात नवे प्रकरण घालायला कुणी राजी नसते.

हद्दही तपासा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा माथा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, अकोले तालुक्यात आहे. पायथ्याचे बेलपाडा मुरबाड तालुक्यात, ठाणे जिल्ह्यात. चढाई एकच, पण कार्यालये दोन. दोन्हीकडे पत्र दिले नाही, तर एकाची परवानगी घेऊन गेलेल्यांना दुसरा अडवू शकतो.

आता कड्याची नोंद. प्रत्येक मार्गासाठी अर्धे पान पुरते: अक्षांश-रेखांश, कड्याचे तोंड कोणत्या दिशेला, उंची, टप्पे (एका दोराच्या लांबीत होणारी चढाई) किती, आधीचे बोल्ट (दोर अडकवायला कातळात भोक पाडून बसवलेले) किती आणि त्यांतले गंजलेले किती, मेखा (कातळाच्या फटीत ठोकलेले लोखंडी खिळे) कुठे, पायथ्याची वाट कोणत्या गावातून, चढाईचे महिने, एका वेळी माणसे किती. सोबत कड्याचा सरळ समोरून काढलेला फोटो जोडून त्यावर मार्गाची रेघ मारा. हा फोटो दहा पानांच्या निवेदनाहून जास्त काम करतो, कारण निर्णय घेणाऱ्याने तो कडा बहुधा पाहिलेला नसतो.

पक्ष्यांची बाजू टाळू नका. हाच हरकतीचा सर्वांत वजनदार भाग आहे. लांब चोचीचे गिधाड कड्याच्या कपारीत नोव्हेंबरच्या सुमारास घरटे धरते आणि पिल्लू उडेपर्यंत एप्रिल उजाडतो. आपला चढाईचा हंगामही नेमका तोच. घरट्याच्या वरून दोर सोडला तर पक्षी अंडे सोडून उठतो आणि वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याचा तो हंगाम वाया जातो. म्हणून घरटी असलेल्या कड्यांवर हंगामी बंदी आपणच मागावी, पण ती संपूर्ण डोंगरावर न घालता घरट्याच्या बाजूच्या मार्गांपुरती. अंतर किती ठेवायचे ते पक्षीतज्ज्ञांच्या पाहणीनंतर वनखात्याने ठरवावे. घरट्यांचे अक्षांश-रेखांश मात्र सार्वजनिक निवेदनात देऊ नका, ते बंद पाकिटात फक्त वनखात्याला द्या. ओव्हरहँगखालच्या (पुढे झुकलेल्या कातळाखालच्या) आग्या मोहोळांचीही नोंद हवी. मोहोळ उठले तर दोरावर अडकलेल्या माणसाला पळायला जागा नसते, आणि धूर करण्याला जंगलात परवानगी मागणेच चूक.

मग वाक्ये लिहा. नमुना असा:

"नियंत्रित उपक्रमांच्या तक्त्यात पुढील नोंद घालावी: प्रस्तरारोहण. वनखात्याने निश्चित केलेल्या मार्गांवर, पूर्वपरवानगीने, एका मार्गावर एका वेळी कमाल ८ व्यक्ती. घरटी असलेल्या मार्गांवर १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल बंदी. पाहणीत घरटे नसल्याचे आढळल्यास बंदी मुदतीपूर्वी उठवता येईल."

आकडा तुमच्या कड्याप्रमाणे बदला, पण आकडा असू द्या. 'मर्यादित संख्येत' असे लिहिले तर मर्यादा दुसराच कुणी ठरवतो.

बोल्टची नोंद वेगळी करा. आहेत ते बोल्ट बदलणे आणि नवे मारणे या दोन निराळ्या परवानग्या मागाव्यात, कारण पहिली सुरक्षेची बाब आहे आणि मिळायला सोपी. बदलताना जुना काढून शक्य तिथे तेच भोक वापरायचे, नाहीतर ते बुजवायचे. स्टेनलेस स्टीलचा, यूआयएए या आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या १२३ क्रमांकाच्या मानकातला, किमान १० मिलिमीटर जाडीचा बोल्ट सुचवा. पावसाळ्यात कडे चार महिने ओले राहतात आणि साध्या पोलादाचा बोल्ट आतून गंजतो. बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या हँगरवर (बोल्टला लावलेल्या, दोर अडकवायच्या पट्टीवर) विसंबता येत नाही. प्रजननकाळात यांत्रिक ड्रिल वापरणार नाही, हेही लिहून द्या. संरक्षित स्मारकाच्या हद्दीतल्या कातळावर तर बोल्टची मागणीच करू नये.

पायथ्याच्या ग्रामसभेचा ठराव जोडला तर निवेदनाला बळ येते. पण नुसती सही मागू नका. वाहनतळ, मुक्काम, कचरा आणि अपघाताच्या वेळी मदतीला धावणाऱ्या गावकऱ्यांचा मोबदला यांवर ठरावात शब्द हवेत. त्या मुद्द्यांवर गावाची हरकत असेल तर तीही तशीच लिहा.

एकच मजकूर शंभर जणांनी पाठवू नये. संस्थेचे एक सविस्तर निवेदन, आणि बाकीच्यांनी आपापल्या ओळखीच्या एकेका कड्यावर लिहावे. वर अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख, खाली नाव, पत्ता, सही. ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही करा, पोचपावती जपून ठेवा. साठाव्या दिवसाची वाट न पाहता पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत पाठवले, तर पत्ता चुकल्यास सुधारायला वेळ राहतो.

अंतिम अधिसूचना निघाल्यावरही दार बंद होत नाही. तिच्यानुसार राज्याला विभागीय महायोजना आणि पर्यटन आराखडा करावा लागतो, साधारण दोन वर्षांत आणि स्थानिकांशी विचारविनिमय करून. अधिसूचनेच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारी संनियंत्रण समिती ३१ मार्चपर्यंतच्या कामाचा अहवाल दरवर्षी ३० जूनपर्यंत देते. जुलैत माहिती अधिकाराचा अर्ज टाकून तो अहवाल आणि समितीच्या बैठकांची इतिवृत्ते मागवा, आणि चढाईची नोंद त्यांत नसेल तर तेच निवेदन समितीच्या अध्यक्षांना नव्या तारखेने द्या.