फ्लूचा ताप: घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

पावसाळ्यात आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये आपल्याकडे फ्लूची साथ येते. धडधाकट माणूस बहुधा आठवडाभरात आपोआप सावरतो. बिघडतं ते आपण घाईघाईने पोटात ढकललेल्या गोळ्यांनी.

सगळ्यात सहज होणारी चूक पॅरासिटामॉलची. तापासाठी ६५० ची गोळी घेतली जाते आणि नाक वाहतंय म्हणून सर्दीची वेगळी. सर्दीच्या गोळीची स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. तिच्यातही बऱ्याचदा ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. म्हणजे एका वेळी ११५०, आणि दिवसातून चारदा घेतलं तर ४६००. मोठ्या माणसाला २४ तासांत जास्तीत जास्त ४००० चालतं; वजन कमी असेल, यकृताचं दुखणं असेल किंवा रोजची दारू असेल तर त्याहूनही कमी. शिवाय अशा गोळ्यांत नाक मोकळं व्हावं म्हणून बऱ्याचदा फिनाइलेफ्रिन घातलेलं असतं, त्याने बीपी वाढू शकतं. आजोबांना ती देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पावसाळ्यातला ताप फ्लूचाच असेल असं नाही. डेंग्यूचीही सुरुवात अशीच होते. त्यामुळे रक्ततपासणी होईपर्यंत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन घेऊ नका; डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मुलांना तर फ्लूमध्ये अॅस्पिरिन द्यायचंच नाही.

मेडिकलवाल्याकडून अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणणं हा आपला राष्ट्रीय उपचारच म्हणा ना! फ्लू विषाणूमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. विषाणूवर चालणारं औषध ओसेल्टामिव्हिर, आणि ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी. गरोदर बाई, साठीपुढची माणसं, लहान बाळं, दमा-मधुमेहाचे रुग्ण यांनी म्हणूनच 'दोन दिवस बघू' म्हणत थांबू नये.

घरगुती उपायांवर माझा राग नाही, अतिरेकावर आहे. आल्याचा चहा घशाला बरा वाटतो. पण मिरी-लवंगांचा जहाल काढा दिवसातून चारदा प्यायलात तर तापासोबत ॲसिडिटीही सांभाळावी लागेल. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. वाफ घेताना उकळतं पातेलं मांडीवर किंवा पलंगावर नको, आणि पोरांना तर त्याच्या जवळही फिरकू देऊ नका. घाम यावा म्हणून दोन गोधड्या पांघरल्या की ताप उलट चढतो.

जेवण जात नसेल तर मीठ घातलेली भाताची पेज किंवा मुगाचं कढण द्या. ओआरएसची पुडी मात्र अंदाजाने ग्लासात ओतू नका; एक लिटरची असेल तर एक लिटर पाण्यातच कालवा.

ताप उतरला की लगेच लोकल पकडू नका. गोळी न घेता पूर्ण २४ तास ताप आला नाही, की मग बाहेर पडा. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, त्याला घाबरायचं कारण नाही. पण बरं वाटून पुन्हा ताप चढला, धाप लागली, छातीत दुखलं, ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर ते न्यूमोनियाचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटल गाठा.