हत्तीची लीद गोळा करायला निघण्याआधी

जळगावला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करताना मी पाळीव हत्तीच्या पोटातले जिवाणू हा विषय घेतला. ते तपासायचे लिदेतून, आणि आता तुम्हीही त्याच कामाला निघालात. हत्ती रवंथ करत नाही, चारा आंबतो तो मागच्या आतड्यात, आणि खाल्लेल्यातलं निम्म्याहून कमीच पचतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. ताजा गोळा फोडून आतलाच भाग घ्यायचा, हेही वाचलं असेल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा बर्फाचा डबा विसरलात तर त्या दिवशी नमुना घेऊच नका.

मी फसले ती आहाराच्या नोंदीत. गावाबाहेर मुक्कामाला असलेल्या हत्तिणीची लीद घ्यायची आणि शेजारी त्याच दिवशीचा चारा लिहायचा, असं चार महिने केलं. एके सोमवारी गोळा फोडला तर आत मक्याचे अख्खे दाणे. वहीत काय, तर ऊस आणि केळीचे खांब! आज पडलेली लीद आजच्या चाऱ्याची नसतेच. अन्न बाहेर पडायला एक-दोन दिवस लागतात. म्हणजे सोमवारच्या लिदेत शनिवार-रविवारचं खाणं, आणि रविवारी आमच्याकडे बाजार. लोक मका, गूळ, केळ्यांच्या फण्या भक्तिभावाने सोंडेत देत होते. माहूतचाचा "चारा घातला" म्हणायचे ते खरंच होतं. बाकीचं ते घालतच नव्हते. गोड आणि पिठूळ खाणं झपाट्याने आंबतं, आम्ल वाढतं, चोथा पचवणाऱ्या जिवाणूंची घडी विस्कटते. हे सगळं मी उसाच्या नावावर लिहून मोकळी झाले होते.

म्हणून मागच्या तीन दिवसांचं विचारा. गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक, जंताचं औषध दिलं का, तेही विचारा. आणि पाय बघा. सिमेंटवर साखळीत उभ्या जनावराच्या तळव्यांना भेगा पडतात, नखांत पू होतो. त्याच्या हालांची नोंद नुसत्या जिवाणूंच्या यादीत सापडायची नाही.

दुसऱ्याने जमवलेल्या माहितीवर घरबसल्या आलेख काढून प्रबंध उरकणं मला पटत नाही. मार्गदर्शक असा धरा, जो आलेखाआधी तुमची वही मागेल. माझ्या मार्गदर्शकांनी ती पाचव्या महिन्यात मागितली.

घाबरू नका, माझे जुने नमुने वाया गेले नाहीत. त्यात कोणते जिवाणू आहेत हे कळलंच, फक्त आहाराशी सांधा जुळवता आला नाही. तेवढ्यासाठी नवे घेतले. आता मी विचारते, "चाचा, परवापासून हिच्या तोंडात कुणीकुणी काय घातलं?" ते बोटांवर मोजत एकेक सांगतात.