विमानावर मारलेला लेझर तपासायचा कसा: प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांसाठी

गच्चीवरून किंवा शेतातून कुणी विमानावर हिरवा लेझर मारला आणि पोलिसांनी तो पॉइंटर जप्त केला, की प्रश्न आमच्याकडे येतो: या वस्तूने वैमानिकाला खरंच धोका होऊ शकत होता का? मी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत भौतिकशास्त्राचं काम करतो. मूळचा चोपड्याचा, एम.एस्सी. जळगावच्या विद्यापीठातून. 2024 मध्ये जळगावहून गोवा, हैदराबाद, पुण्याची विमानं सुरू झाली, तेव्हापासून गावाकडची फिजिक्सची मुलं या कामाबद्दल जास्त विचारू लागली. त्यांच्यासाठी, आणि जिथे ही तपासणी नव्याने उभी करायची आहे तिथल्या सहकाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

अमेरिकेत विमानावर लेझर रोखणं 2012 पासून स्वतंत्र केंद्रीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. तरीही 2023 या एका वर्षात तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाकडे अशा 13,304 घटनांची नोंद झाली. आपल्याकडे इतरांचा जीव धोक्यात घालण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम 125 आहे, शिवाय 1 जानेवारी 2025 पासून लागू झालेला भारतीय वायुयान अधिनियम, म्हणजे विमानांबद्दलचा नवा कायदा, आहे. कलम कोणतं लावायचं ते पोलीस आणि सरकारी वकील बघतील. आपल्याकडून त्यांना हवा असतो आकडा, आणि तो उलटतपासणीत टिकायला हवा.

तो आकडा कशाचा, हे आधी समजून घ्या. समजा 100 मिलीवॅटचा हिरवा पॉइंटर आहे आणि त्याचा झोत 1 मिलिरेडियनने, म्हणजे दर मीटरला 1 मिलिमीटर, पसरतो. म्हणजे 1 किलोमीटरवर ठिपका साधारण 1 मीटर व्यासाचा. तिथे प्रकाशाची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला 12-13 मायक्रोवॅट येते. डोळ्याला कायमची इजा होण्याची भीती असलेलं अंतर या पॉइंटरसाठी फक्त 70 मीटरच्या आसपास आहे. बचाव पक्षाचे वकील नेमकं इथेच बोट ठेवतात: विमान तर कितीतरी वर होतं! पण आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने विमानतळाभोवती ठरवलेल्या मर्यादा इजेपुरत्या नाहीत, डोळे दिपण्याच्याही आहेत. धावपट्टीच्या अगदी जवळच्या क्षेत्रात मर्यादा 50 नॅनोवॅट, त्याबाहेर 5 मायक्रोवॅट आणि त्याही पलीकडे 100 मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर. आपले 12-13 मायक्रोवॅट यातल्या पहिल्या दोन्ही मर्यादांच्या वर जातात. उतरणारं विमान 3 अंशांच्या कोनात येत असेल, तर धावपट्टीपासून 5-6 किलोमीटरवर ते जेमतेम 300 मीटर उंचीवर असतं. रात्रीला सरावलेल्या डोळ्यांसमोरची काच क्षणात हिरवीगार झाली, की समोरचे दिवे आणि यंत्रावरचे आकडे दोन्ही दिसेनासे होतात. इजा झाली नाही म्हणजे धोका नव्हता, असं होत नाही.

आता सामान. नवीन माणूस आधी महागड्या स्पेक्ट्रोमीटरचं कोटेशन मागवतो. माझं मत वेगळं आहे: पहिला पैसा थर्मल पॉवर मीटर (झोताच्या उष्णतेवरून शक्ती मोजणारं यंत्र) आणि चांगल्या फिल्टरवर घाला. कारण हिरव्या पॉइंटरच्या पोटात आहे. आत 808 नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश देणारा, डायोड एका स्फटिकाला चेतवतो, त्यातून 1064 नॅनोमीटरचा, पुन्हा अवरक्तच, प्रकाश निघतो आणि दुसरा स्फटिक त्याची वारंवारता दुप्पट करून 532 नॅनोमीटरचा हिरवा करतो. स्वस्त पॉइंटरमध्ये अवरक्त अडवणारी काच बसवलेलीच नसते, त्यामुळे हिरव्यासोबत न दिसणारा प्रकाशही बाहेर पडतो. फोटोडायोडचा मीटर 532 वर लावून हा झोत मोजला तर आकडा फसवा येतो, कारण सिलिकॉनची संवेदनशीलता 532 ला वेगळी आणि 808 ला बरीच जास्त. थर्मल मीटरचं हेड उष्णता मोजतं, त्याला रंगाचं फारसं देणंघेणं नसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने 2013 मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत 122 पॉइंटर होते. त्यांतल्या हिरव्यांपैकी जवळपास 90 टक्के आणि लालांपैकी 44 टक्के सुरक्षेच्या नियमांत बसले नाहीत. त्यांची मांडणीही बाजारात मिळणारे पॉवर मीटर आणि फिल्टर वापरूनच केलेली होती. लहान प्रयोगशाळेलाही ती झेपते.

प्रत्यक्षात हे असं दिसतं. पॉइंटर व्ही-ब्लॉकमध्ये (इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा) बसवायचा, बटण क्लॅम्पने दाबून ठेवायचं, कारण बोटाने दाबला की झोत हलतो. समोर 7 मिलिमीटरचं छिद्र, त्यामागे थर्मल हेड. अशाच एका पॉइंटरच्या पिवळ्या लेबलवर कमाल 5 मिलीवॅट छापलेलं होतं. आकडा आधी वर चढला, थोडा खाली आला आणि साठ मिलीवॅटच्या आसपास रेंगाळला. मग अवरक्त अडवणारा फिल्टर मध्ये सरकवला, तर तो चाळिशीवर आला. फिल्टर हिरवा प्रकाशही थोडा खातो, तेवढी दुरुस्ती केल्यावर उरला तो खरा हिरवा, बाकीचा न दिसणारा. विमानाच्या बाबतीत हिरवा भाग महत्त्वाचा, लेझरचा धोक्याचा वर्ग ठरवताना मात्र दोन्ही. 5 मिलीवॅटच्या पुढे गेलं की दृश्य लेझर 3बी वर्गात जातो आणि 500 च्या पुढे वर्ग 4. स्पेक्ट्रोमीटर लागतो तो तरंगलांबी नक्की करण्यापुरता, त्याला साधा चालतो.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या आसपास असतो. डायोड तापला की त्याची तरंगलांबी सरकते, स्फटिक ती पुरेशी शोषत नाही आणि हिरवा उजेड कमी-जास्त होतो. एसीच्या खोलीत आलेला आकडा उन्हाळ्याच्या रात्री तापलेल्या गच्चीवर येईलच असं नाही. म्हणून खोलीचं तापमान लिहा, आकडा काही मिनिटं सलग नोंदवा, आणि जमलं तर दोन-तीन तापमानांना मोजा. सेलचंही तसंच. जप्त केलेल्या सेलवर एकदा आणि नव्या सेलवर एकदा मोजून दोन्ही आकडे अहवालात द्या.

पण या सगळ्याच्या आधी पाकीट. लाखेची मोहोर शाबूत आहे का, ती पत्रासोबत आलेल्या नमुना मोहोरेशी जुळते का, पंचनाम्यातलं वर्णन आणि हातातली वस्तू एकच आहे का, हे पाहून फोटो काढा. बटणावरचे बोटांचे ठसे किंवा डीएनए हवे असतील तर ते भौतिकशास्त्राच्या टेबलावर येण्याआधी घेतले गेले पाहिजेत. आपण क्लॅम्प लावला की तो पुरावा गेला. तपास अधिकाऱ्याला फोन करून विचारायला लाजू नका. पत्रात बऱ्याचदा एवढंच लिहिलेलं असतं: सदर लेझरने विमानास धोका निर्माण झाला किंवा कसे. यातलं विमान तेव्हा कुठे होतं, झोत कुणी मारला, हे आपण सांगू शकत नाही. शक्ती, तरंगलांबी, पसरण आणि त्यावरून ठरावीक अंतरांवरची तीव्रता, इथपर्यंत आपली हद्द.

पसरण मोजायला लांब कॉरिडॉर पुरतो. 5 मीटर आणि 25 मीटरवर ठिपक्याचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, फरकाला 20 ने भागा, उत्तर मिलिरेडियनमध्ये येतं. ठिपक्याची कड पुसट असते, म्हणून व्यास कोणत्या व्याख्येने घेतला ते लिहायलाच हवं, कारण त्याने मधल्या तीव्रतेत दुपटीचा फरक पडतो. चष्मा 532 सोबत 808 आणि 1064 लाही अडवणारा हवा. नुसता लाल-नारिंगी चष्मा लावून अवरक्तासमोर उभं राहणं मी कुणालाही करू देत नाही. दाराला कुलूप, भिंतीला काळा पडदा, घड्याळ-अंगठी काढून ठेवलेली.

कोर्टात सरकारी तज्ज्ञाचा अहवाल नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 329 खाली पुरावा म्हणून चालतो, तरी साक्षीला बोलावणं येऊ शकतं. तेव्हा मीटरचं कॅलिब्रेशन चाचणीच्या तारखेला चालू होतं याचा कागद हवाच. त्याची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत किंवा तशा मानकापर्यंत पोचलेली असावी. रोज सकाळी एकाच ठरलेल्या लेझरने मीटर तपासून वहीत नोंद ठेवली असेल, तर ती वहीच अर्धी साक्ष देते.

या कामात यायचं असेल तर फिजिक्स किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेताना ऑप्टिक्सची प्रॅक्टिकल्स मनापासून करा. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाची फॅक्ट ही न्यायसहायक विज्ञानाची पात्रता परीक्षा आणि राज्याच्या संचालनालयाच्या वैज्ञानिक सहायक पदांच्या जाहिराती यांवर लक्ष ठेवा. शैक्षणिक अट शब्दन् शब्द वाचा. आणि एम.एस्सी.च्या प्रकल्पाला विषय शोधत असाल तर मार्गदर्शकांना हा सुचवा: बाजारातले काही हिरवे पॉइंटर घेऊन 25 आणि 40 अंशांना त्यांचा हिरवा आणि अवरक्त भाग वेगळा मोजायचा. सामान विभागात बहुधा निम्मं असतंच. फिल्टर आणि योग्य चष्मा मात्र आधी मागवा, ते हातात आल्यावरच पहिला लेझर सुरू करा.