यलो दिसला आणि मी घाई केली

सर्च क्लस्टर (शोधाचं काम मिळून करणारा मशीनचा गट) सांभाळायच्या कामाला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. ऑफिस रत्नागिरीत. आंबा-काजूच्या व्यापाऱ्यांच्या मालाचा शोध इलास्टिकसर्च या सॉफ्टवेअरवर चालायचा आणि त्याचे तिन्ही नोड, म्हणजे ते चालवणारी तीन मशीन, ऑफिसच्याच एका खोलीत होते. जुलैतली संध्याकाळ, पाऊस नुसता कोसळत होता, लाईट गेली. दोन मशीन इन्व्हर्टरवर तगली. तिसऱ्याच्या यूपीएसची बॅटरी बसली होती, ते बंद पडलं.

मी क्लस्टरची तब्येत रंगात सांगणाऱ्या हेल्थ एपीआयला विचारलं. स्टेटस यलो, म्हणजे ग्रीन आणि रेडच्या मधला. बिघाड झालाय, रीस्टार्ट केलं की सुटेल, एवढंच डोक्यात आलं आणि मी चालू असलेल्या दोनपैकी एका मशीनवरची सर्व्हिस रीस्टार्ट केली. पुन्हा विचारलं तर रंगच येईना, मास्टर, म्हणजे क्लस्टरचा कारभार बघणारा नोड, सापडत नाही अशी एरर. तिघांच्या क्लस्टरमध्ये मास्टर निवडायला दोघांची मतं लागतात आणि त्या क्षणी उरला होता एकच. रीस्टार्ट झालेला नोड परत आल्यावर आधी रेड दिसला, मग काही वेळाने यलो. तेवढा वेळ शोध बंद, आणि व्यापाऱ्यांचे फोनवर फोन. माझे हात कापत होते.

पुण्याहून आमच्या सरांनी फोनवर एकच विचारलं, "अगं, नोड किती दिसत होते ते बघितलंस का?" मी बघितलं नव्हतं. त्याच उत्तरात, रंगाच्या खाली दोन ओळींवर, नोडची संख्या ३ ऐवजी २ आहे हे लिहिलेलं होतं.

नव्याने या कामात येणाऱ्यांना मला हेच सांगायचंय. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की खलाशी होडी बाहेर काढत नाही; पण वारा कुठून आहे, दोऱ्या कशा बांधायच्या, हे बावटा सांगत नाही, ते त्याला स्वतः बघावं लागतं. स्टेटसचंही तसंच आहे.

इंडेक्सचा, म्हणजे नोंदींच्या एका साठ्याचा, डेटा शार्ड नावाच्या तुकड्यांमध्ये विभागलेला असतो. प्रत्येक प्रायमरी (मूळ) शार्डची प्रत म्हणजे रेप्लिका, आणि या दोघी एकाच नोडवर कधीच ठेवल्या जात नाहीत. सगळ्या जागेवर असतील तर ग्रीन. प्रायमरी सगळ्या आहेत पण एखादी रेप्लिका नाही, तर यलो. यात शोध चालतो, नवा डेटाही लिहिता येतो. एक जरी प्रायमरी जागेवर नसेल तर रेड. अख्ख्या क्लस्टरला रंग मिळतो तो सगळ्यात वाईट अवस्थेतल्या इंडेक्सचा, म्हणून हेल्थ विचारताना लेव्हल या पर्यायाला इंडायसेस देऊन विचारा, नेमका दोषी कळतो.

मी आता आधी नोडची संख्या बघते, मग अनअसाइन्ड (कुठल्याच नोडवर न बसलेले) शार्ड, मग डिलेड अनअसाइन्ड, म्हणजे त्यातले मुद्दाम थांबवून ठेवलेले. हा शेवटचा आकडा त्या संध्याकाळी मला वाचवू शकला असता. नोड गेला की इलास्टिकसर्च लगेच नव्या रेप्लिका बांधायला घेत नाही, मूळ सेटिंगप्रमाणे १ मिनिट वाट बघतं, कारण नोड परत आला तर डेटाची सगळी ने-आण वाचते. तो आकडा शून्याहून मोठा असेल तर क्लस्टर अजून वाट बघतंय. मग तुम्हीही बघा. इनिशियलायझिंगचा, म्हणजे तयार होत असलेल्या शार्डचा, आकडा वर गेला की समजायचं, दुरुस्ती सुरू झाली.

अनअसाइन्ड तसाच अडकून राहिला तर अंदाज लढवू नका. अलोकेशन एक्सप्लेन नावाचा वेगळा एपीआय आहे, तो शार्ड का बसत नाही याचं कारण वाक्यात सांगतो. आमच्याकडे नंतर एकदा ते कारण डिस्कचं निघालं. डिस्क ८५ टक्क्यांच्या वर भरली की त्या नोडवर नवी रेप्लिका ठेवली जात नाही, ९० च्या वर शार्ड दुसरीकडे हलवायला सुरुवात होते, आणि ९५ ओलांडले की त्या नोडवर शार्ड असलेल्या इंडेक्समध्ये लिहिणंच बंद होतं. ८५ ते ९० च्या मधे स्टेटस ग्रीनही असू शकतो, म्हणून डिस्क वेगळी बघावीच लागते.

लॅपटॉपवर एकच नोड चालवून शिकत असाल तर यलो बघून घाबरू नका. रेप्लिकेला दुसरा नोडच नाही, मग ती बसणार कुठे? रेप्लिकांची संख्या शून्य केली की ग्रीन होईल. खऱ्या क्लस्टरवर मात्र हा उपाय कधीच करू नका. तिथे प्रायमरी असलेला नोड गेला तर डेटाही गेला.

जमलं तर लॅपटॉपवर तीन नोड उभे करा, एक प्रायमरी आणि एक रेप्लिका असलेला इंडेक्स बनवा. रेप्लिका ज्या नोडवर आहे तो बंद करा आणि दर दहा सेकंदांनी हेल्थ विचारत राहा. मिनिटभर डिलेडमध्ये १ दिसेल, मग तो शून्य होईल, इनिशियलायझिंगमध्ये कदाचित क्षणभरच १ येईल आणि रेप्लिका तिसऱ्या नोडवर जाऊन बसली की ग्रीन. तुम्ही काहीही न करता.